पिनेचा दुसरा पाय

गहिनीनाथ मिस्त्रीच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढायची असेल, तर मालकाला आधी चाकापुढे उकिडवं बसावं लागतं. ड्रायव्हर बसून चालत नाही, भाऊ-मेहुणा बसून चालत नाही. मालकच लागतो. मिस्त्री त्याच्या हातात पक्कड ठेवतो, चाकाच्या मध्यावर बोट दाखवतो आणि म्हणतो, "एक पाय माझा झाला. आता एक तुमचा."

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या माझ्यासारख्यांना, जरा समजावून सांगतो. चाक हबवर बसवलेलं असतं, हबच्या पोटात दोन बेअरिंगं असतात, आणि हे सगळं बिऱ्हाड ॲक्सलच्या टोकाला एका नटाने रोखून धरलेलं असतं. नट चालता चालता सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात. बोटभर लांबीची, दोन पायांची, बायका केसात खोचतात त्या आकड्यासारखी. पिन घातली की तिचे दोन्ही पाय वाकवायचे आणि वर टोपी ठोकायची. तुम्ही पुढे नारळ फोडा, लिंबू-मिरची बांधा, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहा, चाक शेवटी त्या दोन पायांच्या भरवशावर असतं.

त्यातला एक पाय मिस्त्री वाकवतो आणि दुसरा मालकाला वाकवायला लावतो. शेवगावात पाथर्डी रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे, तिथे हा रिवाज माझ्या माहितीप्रमाणे एकदाही मोडलेला नाही. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची जुनी गाडी एकदा तिथे आली होती. काम झालं. कार्यकर्ता म्हणाला, "साहेब काय खाली उतरत नसतात."

मिस्त्री म्हणाला, "मंग गाडी बी जॅकवरून उतरत नसती."

अर्ध्या तासाने साहेब उतरले. पांढऱ्या कपड्यांत उकिडवे बसले आणि पाय वाकवला. कार्यकर्त्यांनी लगेच फोटो काढून गावभर पाठवला, खाली 'श्रमाला मानाचा मुजरा' असं काहीतरी लिहून. तो फोटो कुणीतरी मिस्त्रीला दाखवला. त्याने मोबाईल डोळ्याजवळ नेला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, साहेबांचं तोंड बाजूला सारून पिनेपर्यंत पोचला आणि म्हणाला, "पाय नीट टेकला न्हाई. परत बोलवा त्यास्नी."

मी एकदा विचारलं, "मिस्त्री, लोकांना एवढा त्रास कशाला देता?"

"गुरुजी, मान्साला हॉर्न ठावा असतो, टेप ठावा असतो. चाक कशानं धरलंय त्ये ठावं नसतं. एकदा आपल्या हातानं वाकवलं, की आठवन ऱ्हाती."

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. आमच्या लग्नात मी हुंडा घेतला नाही, पण पुढे बऱ्याच वर्षांनी सासऱ्यांची एक जुनी जीप माझ्या मागे लागली. तिच्यामुळे मिस्त्रीची आणि माझी ओळख झाली आणि तिच्या प्रकृतीमुळे ती ओळख रोज वाढत गेली. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. म्हणालो, "चांगलं घट्ट आवळा हो, म्हणजे प्रश्न मिटला." निबंधात पहिल्याच ओळीत तीन चुका करणाऱ्या मुलाकडे मी जसा बघायचो, तसा त्याने माझ्याकडे बघितलं.

"बेअरिंग म्हंजी लेक असती, गुरुजी. लई आवळलं तर जळतं. ढिलं सोडलं तर घर फोडून भायेर पडतं. आधी पुरतं आवळायचं, चाक फिरवून घ्यायचं, आन् मंग पाव फेरा माघारी यायचं. ज्याला माघारी येता येत न्हाई, त्येनं मिस्त्रीपन करू न्हाई."

'पाव फेरा माघारी' हे त्याचं पालुपद. चहात साखर जास्त पडली की पाव फेरा माघारी. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ गॅरेजसमोर आले की, "आवळलं ना एकदा? आता पाव फेरा माघारी." एकदा माझं आणि आमच्या हिचं कडाक्याचं भांडण चालू असताना तो जीपची किल्ली द्यायला दारात आला. दोन मिनिटं ऐकत उभा राहिला. किल्ली कडीला अडकवली आणि जाता जाता म्हणाला, "गुरुजी, तुमी या माघारी. वहिनींचा नट बराबर हाय." ही त्यानंतर आठवडाभर खुशीत होती.

माणसांच्या तोंडाकडे तो फारसं बघत नाही, चाकांकडे बघतो. लग्नाला गेला की मांडवात नसतो. बाहेर उभ्या गाड्यांमधून हिंडतो आणि एकेक चाक वर-खाली धरून हलवून बघतो. चाक जरा खुळखुळलं की मालकाची शोधाशोध सुरू. आमच्या ओळखीतल्या एका लग्नात फुलांनी मढवलेली नवरदेवाचीच गाडी त्याला खुळखुळताना सापडली. मिस्त्रीने वरात अडवली. बँड वाजतोय, करवल्या ताटकळल्यात, आणि फेटा बांधलेला नवरदेव चाकापुढे बसून पिनेचा पाय वाकवतोय. भटजी घड्याळ दाखवत होते. मिस्त्री त्यांना म्हणाला, "मुहूर्त टळला तर दुसरा काढता येतो, देवा. चाक निघालं तर काय काढनार?"

अशा गोष्टी मी फार रंगवून सांगतो. सांगतो कसला, सांगायचो. शाळेच्या स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे खुर्चीत मान अडकलेली असतानाही. मिस्त्रीच्या नकला करण्यात तालुक्यात माझा हात धरणारा नव्हता. लोक म्हणायचे, "गुरुजी, ती पुढाऱ्याची सांगा ना," आणि मी सांगायचो. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी सांगायला नको होती. ती सांगून मी काय केलं, हे मला नऊ वर्षांनी कळलं. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

मिस्त्रीची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, सुरेखा. माझ्याच वर्गात होती. डावखुरी. बाकावर तिचं कोपर शेजारणीला लागायचं आणि रोज एक तक्रार माझ्यापुढे यायची. रिवाजात सूट एकच होती. म्हाताऱ्या, गुडघे धरलेल्या गिऱ्हाइकांना उकिडवं बसवत नसे, तेव्हा त्यांच्या वाट्याचा पाय वाकवायचा मान फक्त सुरेखाचा. ती तो डाव्या हाताने वाकवायची, त्यामुळे पाय उलट्या बाजूला वळायचा. मिस्त्री बघायचा, काही बोलायचा नाही, आणि वर टोपी ठोकायचा. बाकी सगळ्यांच्या चुका त्याने दुरुस्त केल्या, तिची ती उलटी वळणं तशीच राहू दिली.

नऊ वर्षांपूर्वी तिला देवळाली प्रवरेचं एक स्थळ आलं. मुलगा दत्तू. दोन एकर ऊस, घरात आई, आणि स्वतःचा टेम्पो. फोटो बघून आणि मोबाईलवर दोन-चारदा बोलून सुरेखाला तो आवडला होता. मुलाचं घर बघायला जायचं, तर सोबत चार शब्द बोलणारा माणूस हवा म्हणून मिस्त्रीने मला घेतलं. जीपही माझीच.

घर चांगलं होतं. अंगण सारवलेलं, टेम्पो धुऊन पुसून उभा केलेला, त्याला झेंडूची माळसुद्धा घातलेली. मी आत जाऊन बसलो. पोहे आले. मिस्त्री मात्र अंगणातून सरळ टेम्पोकडे गेला. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, पुढच्या चाकाची टोपी उचकटली आणि आत बघत बसला. दत्तू दारात उभा राहून हातावर हात चोळत होता. बऱ्याच वेळाने मिस्त्री उठला, हात धुतले, आत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला,

"पिनेच्या जागी खिळा हाय. ज्येच्या चाकात खिळा, त्येच्या घरात माझी लेक न्हाई."

मला हसू फुटलं. तोंडात पोहे होते, ते सांभाळता सांभाळता डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात अनेक मोडलेल्या सोयरिकी ऐकल्या होत्या. कुठे देण्याघेण्यावरून, कुठे पत्रिकेवरून, कुठे जेवणात मटण कमी पडलं म्हणून. खिळ्यावरून मोडलेली ही पहिलीच. दत्तू काहीतरी बोलत होता, "मामा, त्ये आज सकाळीच..." असं काहीसं. माझ्या हसण्यात ते राहून गेलं. त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती. आणि मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दाद घेतोय. मी आणखी हसलो.

संध्याकाळपर्यंत गोष्ट टपरीवर, दुसऱ्या दिवशी बाजार समितीत. मीच पोचवली, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? आठवड्याभरात तिची म्हण झाली. कुणाची सोयरीक फिसकटली की लोक विचारायचे, "खिळा निघाला का?" मला अभिमान वाटत होता.

पुढच्या आठवड्यात सुरेखा आमच्या घरी आली. म्हणाली, "सर, आबांना समजावून सांगा ना. त्येंनी मनात आनलं तर अजून जमंल. त्ये तुमचं ऐकत्यात." मी गेलो. गॅरेजात शेजारचा टेलर आणि आणखी तिघे-चौघे बसले होते. मी तोंड उघडायच्या आत टेलर म्हणाला, "या गुरुजी, तुमच्याच तोंडून खिळ्याची ऐकू द्या." मी ऐकवली. सगळे हसले. मिस्त्री ग्रीस लावत होता, त्याने मान वर केली नाही. ज्या कामासाठी गेलो होतो ते मी उद्यावर टाकलं आणि परत आलो. तो उद्या काही उगवला नाही.

दोन महिन्यांनी सुरेखाने दत्तूशी रजिस्टर लग्न केलं. जाताना बापाला सांगून गेली, लपूनछपून नाही. तेव्हापासून मिस्त्रीच्या आयुष्यात एकच गोष्ट अडून बसली होती. लेक दारात येते की नाही? तो बोलवत नव्हता आणि ती बोलावल्याशिवाय येत नव्हती. मी एकदा धीर करून म्हणालो, "मिस्त्री, पाव फेरा माघारी." तो म्हणाला, "गावानं माझा शब्द पाठ केलाय, गुरुजी. आता कुठं माघारी येऊ?" त्यातला टोमणा कुणाला होता, हे मला तेव्हा उमगलं नाही.

वर्षं गेली. नव्या गाड्या आल्या. त्यांची बेअरिंगं हबसकट कारखान्यातूनच बंद होऊन येतात. चार बोल्ट लावायचे, मधला नट पिळायचा आणि त्याची कड छिन्नीने ठोकून खाचेत बसवायची. पिनेचं कामच नाही. मिस्त्रीने पहिल्यांदा असा हब हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "आन् मालकानं काय करायचं?" मग त्याने मार्ग काढला. नटाच्या कडेवर एक घाव तो घालतो आणि दुसरा मालकाला घालायला लावतो. पण त्याला त्यात गोडी नव्हती. घाव घालून झाला की त्यात कुणाचा हात होता हे ओळखू येत नाही, असं म्हणायचा.

यंदा संक्रांतीनंतर मिस्त्री गॅरेजात सांडलेल्या ऑईलवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. नगरला नेऊन ऑपरेशन केलं. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्याची खाट पडली. शेजारच्या घरून डबा यायचा. वर्तमानपत्र वाचून दाखवायला मी जायचो. सुरेखाला कळवू का विचारलं, तर चवताळला. "पांगळ्या बापाला बघायला म्हनून यायला नको. यायचं तर तशी यावी."

एके दिवशी त्याने वर्तमानपत्र बाजूला सारायला लावलं आणि उशीखालून दोन नव्या पिना काढून माझ्या हातात दिल्या.

"गुरुजी, उद्या मार्केट यार्डाजवळच्या पेंडीच्या दुकानावर एक टेम्पो येनार. म्हैन्यातून एकदा येतो. हमाल गोन्या उतरवत्यात तवर डायवर चहाला जातो. तेवढ्यात पुढल्या दोन चाकांच्या टोप्या काढा. नटाला हात लावायचा न्हाई. जुनी पिन काढायची, नवी घालायची, एक पाय वाकवायचा. दुसरा तसाच सोडायचा."

"कुणाचा टेम्पो?"

तो छताकडे बघत म्हणाला, "दत्तूचा."

मग तोच म्हणाला, नऊ वर्षं झाली, एक महिना चुकवलेला नाही. पहिल्यांदा गेला तो खिळा आहे का बघायला. खिळा नव्हता, पण पिन गंजली होती. नवी घातली, एक पाय वाकवला आणि सवयीने हात थांबला. दुसरा पाय मालकाचा. मालकाला हाक कशी मारणार? तसाच सोडून आला. पुढच्या महिन्यात जाऊन बघतो, तर दुसरा पाय वाकवलेला.

"डावीकडं वळवल्याला हुता, गुरुजी. आमच्या घरात डावखुरं मानूस येकच हुतं."

टेम्पो घरी आला की चाकं तीच खोलून बघायची, बापाची सवय. मग दर महिन्याला नवी पिन, एक पाय त्याचा आणि एक तिचा. बोलणं तेवढंच. नात झाल्याचं त्याला कुणी कळवलं नाही. टेम्पोच्या काचेवर रंगवलेलं नाव वाचून कळलं. "आर्या नाव हाय," तो म्हणाला, जणू मी बारशाला आलो नव्हतो म्हणून मला सांगतोय.

मी म्हणालो, "मिस्त्री, तो खिळा नसता तर..."

"खिळ्याचं काय घिऊन बसलात? ग्रीस ताजं हुतं."

"म्हणजे?"

"त्या दिशी टोपी काढली तर आत ग्रीस नवं भरल्यालं. पोरानं त्याच दिशी हब खोलला हुता. सासरा मिस्त्री म्हनून दाखवायला. काढताना जुनी पिन तुटली आसंल, रैवारी दुकानं बंद, म्हनून खिळा घातला. मला बसल्या जागी समाजलं. पन त्येनं फोन करून सांगायचं हुतं, पिन मिळंस्तवर थांबायचं हुतं. खिळ्यावर गाडी उभी करायची न्हाई, म्हनून जरा आवळला त्येला. म्हनलं, पोरगं कायतरी बोलंल, मंग मी म्हनंन, ग्रीस ताजं हाय बरं का. पाव फेरा माघारी येनारच हुतो." तो थांबला. "मी तुमच्याकडं बघितलं. तुमी हसला."

एवढंच म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पक्कड खिशात घालून मार्केट यार्डाजवळ गेलो. टेम्पो उभा होता, काचेवर 'आर्या' होतं. दत्तूला मी नऊ वर्षांनी बघत होतो. पोट जरा सुटलं होतं, पण हातावर हात चोळायची सवय तीच. हमालांच्या टोळीतून कुणीतरी ओरडलं, "ए खिळा, गाडी जरा मागं घे!" त्याने मुकाट्याने मागे घेतली. दुकानदार म्हणाला, "खिळाशेठ, पावतीवर सही करा." त्याने सही केली. माझा विनोद नऊ वर्षं त्याच्या पाठीवर बसून या गावात येत होता, आणि तो दर महिन्याला त्याला घेऊन परत जात होता. सुरेखा या गावात पाऊल का टाकत नव्हती, हे मला आणखी कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. नवऱ्याला या नावाने हाक मारणाऱ्या गावात कुठली बाई माहेरपणाला येईल?

दत्तू चहाला गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझी नसलेली गाडी उचकटायला बसलो. टोपी काढली. जुनी पिन तशीच होती. एक पाय उजवीकडे वेलांटीसारखा सुरेख वळवून टोकाला आत दाबलेला, हाताला लागू नये म्हणून. दुसरा डावीकडे. मी दोन्ही चाकांच्या पिना बदलल्या. माझा पाय काही वेलांटीसारखा वळला नाही. वाकडातिकडा, एका ठिकाणी चेपलेला झाला. दुसरा पाय सरळ सोडला, टोपी ठोकली आणि घरी आलो.

त्यानंतर मी एक प्रयत्न केला. टपरीवर गेलो आणि सगळ्यांना खिळ्याची गोष्ट सांगितली, या वेळी ताज्या ग्रीससकट, माझ्या हसण्यासकट. लोकांनी ऐकून घेतली. टेलर म्हणाला, "आसं व्हय," आणि बिस्किट चहात बुडवलं. हसवणारी गोष्ट मी एका दिवसात गावभर नेली होती, ही टपरीच्या फळीवरून खाली उतरली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. बाहेर टेम्पो थांबला. पेंडीचा दिवस नव्हता. दार लोटून सुरेखा आत आली. अंगावर घरातलीच साडी, पायात दोन जातीच्या दोन चपला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग खाटेकडे.

"तरीच," ती म्हणाली. "काल गाडी खोलली न् म्हनलं ह्यास्नी, ह्यो आबांचा हात न्हाई. आबांना कायतरी झालंय. चला म्हनलं, आत्ताच्या आत्ता चला." मग तिला रडू आलं. "आबा, आवो कळवायचं न्हाई व्हय?"

मिस्त्रीने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तिची डावी मूठ हातात घेतली. बराच वेळ त्याने ती मूठ उलटसुलट करून बघितली. पस्तिशी जवळ आलेली लेक फरशीवर बसून खाटेच्या काठावर डोकं ठेवून रडत होती आणि तो म्हणत होता, "पाय ब्येस वाकवतीस. आजून डावीकडंच वाकवतीस. ब्येस."

मी उठून दाराकडे गेलो. मागून त्याची हाक आली, "गुरुजी, त्यो कुठंय?"

दत्तू बाहेर टेम्पोला टेकून उभा होता. उंबऱ्यापर्यंतसुद्धा आला नव्हता. मी आत वळून सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "त्येला म्हनावं, ग्रीस ताजं हुतं. मी बघितलं हुतं म्हनावं. आन् आत बोलवा."

मी बाहेर गेलो. चाळीस वर्षं पोरांपुढे बोललेला माणूस मी, पण शब्द जुळवून घ्यावे लागले. म्हणालो, "दत्तू, मामा म्हणतात, त्या दिवशी ग्रीस ताजं होतं."

तो एकदम सरळ उभा राहिला. "बघितलं हुतं त्येंनी?"

"बघितलं होतं. तेव्हाच."

"सकाळी पाचला उठून भरलं हुतं, सर." त्याचा आवाज पोरासारखा झाला. "मंग बोलले का न्हाईत?"

"बोलणार होते," मी म्हणालो. "मी हसलो."

शिवी दिली असती तर मी घेतली असती. त्याने दिली नाही. हातावर हात चोळले, चपला काढल्या आणि आत गेला.

मी बाहेरच थांबलो. आतून तिघांचे आवाज येत होते. खाली वाकून पुढच्या चाकाची टोपी काढून बघितली. माझा पाय होता तसाच, वाकडातिकडा. दुसरा तिने हात न लावता सरळ ठेवला होता. पक्कड माझ्या खिशात होती. पण तो पाय माझा नव्हता, म्हणून मी टोपी हळूच परत बसवली आणि तिथेच सावलीला उभा राहिलो.